पूमसे

तायक्वांदो या कोरियन युद्धकलेतील, काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एकट्याने ठरावीक क्रमाने करावयाच्या बचाव-आक्रमणाच्या हालचालींची मालिका. आरंभीच्या रचनांवर कराटेतील ‘काता’चा प्रभाव होता (पहा : कराटे), पुढे कोरियन संघटनांनी स्वतंत्र संच घडविले.

जागतिक तायक्वांदो संघटनेच्या पद्धतीत १७ मान्य पूमसे आहेत : रंगीत पट्ट्यांसाठी ८ ‘तेगुक’ व काळ्या पट्ट्यासाठी ‘कोर्यो’पासून ‘इल्यो’पर्यंत ९. तेगुक मालिका ‘यी-चिंग’ या चिनी ग्रंथातील आठ त्रिरेखा-चिन्हांवर आधारलेली आहे. आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या २४ रचनांना ‘तूल’ म्हणतात.

पट्टापरीक्षेत पूमसेचे सादरीकरण आवश्यक असते. पूमसेची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००६ मध्ये सेऊल येथे सुरू झाली. २०१८ च्या आशियाई खेळांत (जाकार्ता) पूमसेचा समावेश झाला. (पहा : तायक्वांदो, मर्दानी खेळ.)