दिवा लागतोय का?

आजचा भाग थोडा घरगुती आहे. म्हणजे सुरुवात माझ्या घरातून आहे, मग आपण अमेरिकेत जाणार आहोत, 1973 सालात.

तर झालं असं. 2021 चा जून महिना, वर्क फ्रॉम होम चालू, मी सांगलीला घरी. सकाळी 11 वाजता व्हिडिओवर मुलाखत होती. पहिली नोकरी सोडून चांगल्या ठिकाणी जायची पहिलीच खरी संधी. वायफाय माझ्या खोलीत धड येत नाही, म्हणून हॉलमधल्या राउटरपासून खोलीपर्यंत केबल ओढलेली. सव्वादहाला लॅपटॉप लावला, तर नेट नाही! (हॉटस्पॉट का नाही लावला, असं विचाराल. आमच्या घरात रेंज फक्त गॅलरीत येते, आणि बाहेर धो धो पाऊस.)

मी इंजिनीअर ना, लगेच सेटिंगमध्ये घुसलो. ड्रायव्हर काढला, परत टाकला. नेटवर्क रीसेट केलं. दोनदा रीस्टार्ट. आयपी ॲड्रेस बघितला तर 169.254 ने सुरू होणारा काहीतरी आकडा. खरं तर तिथेच उत्तर होतं. केबल लावली की कॉम्प्युटर हाक मारतो, "मला कोणी पत्ता देतं का?" राउटरने ओ दिली नाही, तर तो नाइलाजाने या 169.254 वाल्या रांगेतला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतो. म्हणजे लॅपटॉप ठणठणीत होता, त्याची हाक पलीकडे पोचत नव्हती. पण घाबरल्यावर हे सुचतंय कुठे? मी तिसऱ्यांदा ड्रायव्हर टाकत होतो.

माझे बाबा वायरमन. तीस वर्षं लोकांच्या घरची फिटिंग केलीय. ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, "अरे, पण दिवा लागतोय का?"

कुठला दिवा? केबल लॅपटॉपला जिथे लागते तिथला बारीक हिरवा दिवा. आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं. बघितलं तर लुकलुकत होता, मध्येच पूर्ण बंद.

आता या दिव्याची गोष्ट. 22 मे 1973 ला झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यात 'ईथरनेट' हे नाव दिलं. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं एकेकाळी मानायचे, तो ईथर. तो काही सापडला नाही, 1887 च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही, पण नाव वायरीला चिकटलं. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी मिळून जे उभं केलं, त्याचा वेग होता सेकंदाला 2.94 मेगाबिट. कल्पना अशी की एकच जाड केबल सगळ्या खोल्यांतून जाणार आणि सगळे कॉम्प्युटर तिलाच जोडणार. पुढे त्या जाड केबलला जोडणी करायची तर तिच्यात सुई टोचायची. त्या चिमट्याला म्हणायचेच व्हॅम्पायर टॅप!

नंतर बारीक, स्वस्त केबल आली, पण रचना तीच. एक वायर, सगळे तिच्यावर. दोन्ही टोकांना 50 ओहमचं बूच लावावं लागायचं, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून परत यायचा आणि सगळा गोंधळ. आता विचार करा, कोणीतरी टेबल सरकवताना मधला जोड सुटला. बंद कोण पडणार? ती एक व्यक्ती नाही, त्या वायरीवरचे सगळे! आणि बिघाड कुठे आहे, हे कोणालाच दिसत नाही.

1990 मध्ये टेन-बेस-टी हे स्टँडर्ड आलं आणि चित्र बदललं. प्रत्येक कॉम्प्युटरला मधल्या हबपर्यंत स्वतःची वेगळी वायर. माझी तुटली तर फक्त मी बंद. शिवाय दोन्ही टोकं गप्प असतानाही साधारण दर 16 मिलिसेकंदांनी एकमेकांना एक बारीक ठोका पाठवतात, "आहे, आहे." तो ठोका पोचतोय हे सांगायला दिवा. माझ्या मते वेगापेक्षा हा दिवा मोठा शोध आहे. कोणी सहमत होणार नाही, माहितीय.

तर परत आमच्या घरी. बाबांनी केबल हातात धरली आणि राउटरपासून भिंतीच्या कडेने हलवत हलवत निघाले. मी दिव्याकडे डोळे लावून ओरडत होतो, "आहे... आहे... गेला! आला! गेला!" कपाटामागे हात थांबला. पावसाआधी आईने कपाट सरकवलं होतं, त्याच्या पायाखाली केबल चेंगरली होती.

आता मला ज्या किश्श्यासाठी हा भाग करायचा होता, तो ऐका. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या 25 वर्षांच्या प्रोग्रामरला नेटवर्कचा एक विचित्र त्रास होत होता. त्याने एका संध्याकाळीत हजारेक ओळींचा प्रोग्राम लिहिला, पिंग. नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. तोच पिंग आपण आजही टाइप करतो. म्यूस 2000 मध्ये अपघातात गेला. त्याने स्वतः लिहून ठेवलेली एक आठवण आहे, एका परिषदेत त्याला कोणीतरी सांगितलेली. एका नेटवर्कवाल्याचं ईथरनेट अधूनमधून तुटायचं. त्याने पिंगचं उत्तर बोलणाऱ्या प्रोग्रामला जोडलं आणि तो आवाज ऑफिसच्या स्टिरिओवर फुल्ल सोडला. कॉम्प्युटर सेकंदाला एकदा ओरडतोय, "पिंग, पिंग, पिंग..." आणि हा माणूस अख्ख्या इमारतीत फिरत एकेक जोड हलवून बघतोय. आवाज थांबला, बिघाड सापडला.

हा किस्सा मी मागच्या वर्षी वाचला आणि एकटाच हसत बसलो. आमच्या घरात स्टिरिओ मी होतो!

मी मुलाखतीला 11:20 ला पोचलो. "पुन्हा कळवू" म्हणाले, कळवलं नाही. वाईट वाटलं, बरेच दिवस. बाबांनी त्याच दुपारी नवी केबल आणली आणि या वेळी दाराच्या चौकटीवरून, वरून नेली. अजून तिथेच आहे.

पुढच्या भागात डीएनएस. भेटू!