सेवा की श्रम? : धर्मादाय रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या कायदेशीर दर्जाचा इतिहास (१९४७–२०२५)

प्रस्तावना

रुग्णालय धर्मादाय असेल, तर तेथे वेतनावर काम करणारी परिचारिका, आया, वॉर्डबॉय किंवा सफाई कामगार यांचे काम ‘सेवा’ मानावे की ‘श्रम’? वरवर पाहता हा केवळ शब्दांचा भेद वाटतो. प्रत्यक्षात मात्र कामावरून कमी केल्यास भरपाई मिळेल की नाही आणि तंटा औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेता येईल की नाही, हे या उत्तरावर अवलंबून असते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील ‘उद्योग’ या एका संज्ञेभोवती हा प्रश्न अनेक दशके फिरत राहिला. संस्थेच्या दानशीलतेवरून तिच्या कर्मचाऱ्याचा दर्जा ठरविणे मुळातच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जे. जे. रुग्णालयाचा खटला (१९६०)

या वादाचा पहिला महत्त्वाचा टप्पा मुंबईतील आहे. जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डात काम करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना कामगार कपातीची कायदेशीर भरपाई न देता कामावरून कमी करण्यात आले. रुग्णालय शासकीय होते. ते नफ्यासाठी चालत नाही, म्हणून तो उद्योग नव्हे, अशी शासनाची भूमिका होती. ‘मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ती अमान्य केली. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, मालक व कर्मचारी यांच्या सहकार्याने पद्धतशीरपणे चालणाऱ्या कार्यातून समाजाला सेवा मिळत असेल, तर नफ्याचा हेतू असणे आवश्यक नाही. येथे विचाराचा केंद्रबिंदू संस्थेच्या हेतूवरून कामाच्या स्वरूपाकडे सरकला.

माघार आणि पुनःस्थापना (१९७०–१९७८)

हा दृष्टिकोन दहा वर्षेच टिकला. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीचा निर्णय रद्द ठरविला. याच निकालात पाटण्याच्या कुर्जी होली फॅमिली रुग्णालयाचाही विचार झाला आणि ते धर्मादाय असल्यामुळे उद्योग ठरत नाही, असा निष्कर्ष निघाला. दाता आणि रुग्ण यांच्यातील नाते न्यायालयाने पाहिले. परंतु त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला पगारी कर्मचारी या विवेचनात बाजूला पडला.

ही उणीव १९७८ च्या ‘बंगळूर पाणीपुरवठा मंडळ विरुद्ध ए. राजप्पा’ या सात न्यायाधीशांच्या निकालाने भरून काढली. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी धर्मादाय कार्याचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गात नफा मिळवून तो दानासाठी वापरणाऱ्या संस्था. दुसऱ्यात नफा न घेता गरजूंना स्वस्तात वा मोफत सेवा देणाऱ्या, परंतु इतर व्यवसायांप्रमाणेच पगारी माणसे नेमणाऱ्या संस्था. आणि तिसऱ्यात वेतनासाठी नव्हे, तर ध्येयासाठी एकत्र आलेल्यांनी चालविलेल्या संस्था. यांपैकी पहिले दोन वर्ग उद्योग ठरले; केवळ तिसरा वगळला गेला. बहुसंख्य धर्मादाय रुग्णालये दुसऱ्या वर्गात मोडतात, हे वेगळे सांगावयास नको. दान संस्थेचे असते. कर्मचाऱ्याने आपला श्रम दान केलेला नसतो, हे या वर्गीकरणाचे मर्म होय.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. बोनस अधिनियम, १९६५ मधून नफ्यासाठी नसलेल्या संस्थांना, रुग्णालयांसह, वगळण्यात आले होते. बोनसचा संबंध नफ्याशी जोडला गेल्यामुळे ही सूट समजण्याजोगी आहे. नोकरीची सुरक्षितता आणि तंटा मांडण्याचा हक्क हे मात्र नफ्यातील वाटे नव्हेत.

अमेरिकेतील समांतर अनुभव

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट–हार्टले कायद्याने ना-नफा रुग्णालयांना सामूहिक सौदाशक्तीच्या संघराज्यीय कायद्यातून वगळले. न्यूयॉर्कमधील अशा रुग्णालयांत १९५९ साली ‘लोकल ११९९’ या संघटनेच्या नेतृत्वाखाली ४६ दिवसांचा संप झाला. संपकऱ्यांत कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन कामगार मोठ्या संख्येने होते. पूर्णवेळ काम करूनही काहींना सार्वजनिक साहाय्यावर अवलंबून राहावे लागे. अखेर १९७४ च्या दुरुस्तीने ही सूट रद्द झाली. त्याच वेळी आरोग्यसंस्थेतील संपापूर्वी दहा दिवसांची सूचना बंधनकारक करण्यात आली. रुग्णाचे हित जपण्यासाठी कर्मचाऱ्याला कायद्याबाहेर ठेवावे लागत नाही, हा या दुरुस्तीचा धडा होय.

अपवादाचे पुनरागमन

भारतात मात्र उलट दिशेने प्रयत्न झाले. १९८२ च्या दुरुस्तीत रुग्णालये व धर्मादाय संस्था ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळण्याची तरतूद होती. परंतु अशा कर्मचाऱ्यांसाठी पर्यायी यंत्रणा उभी न राहिल्यामुळे ती अमलात आली नाही. १९७८ च्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २००५ मध्ये मोठ्या पीठाकडे आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान औद्योगिक संबंध संहिता, २०२० संमत होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्णतः वा मोठ्या प्रमाणात धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत असलेल्या संघटनांच्या संस्था तिच्या ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळल्या आहेत. पगारी कर्मचारी आणि ध्येयनिष्ठ स्वयंसेवक यांच्यातील १९७८ चा भेद या शब्दरचनेत उरलेला नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. येथील अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१-अअ नुसार त्यांच्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, तर १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे. अशी संस्था ‘मोठ्या प्रमाणात धर्मादाय’ ठरल्यास, शेजारच्या कंपनी-रुग्णालयातील परिचारिका कायद्याने कामगार आणि तेच काम करणारी न्यासाच्या रुग्णालयातील परिचारिका मात्र त्या संरक्षणाबाहेर, अशी स्थिती उद्भवेल.

निष्कर्ष

वरील इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रुग्णहिताच्या रक्षणाचे साधन जुन्या कायद्यात होतेच. रुग्णालये ‘लोकोपयोगी सेवा’ म्हणून घोषित करता येत आणि तशी घोषणा झाल्यावर पूर्वसूचनेविना संप बेकायदेशीर ठरे. कर्मचारी कायद्याबाहेर गेला की त्याच्या हक्काबरोबर हे बंधनही सैल होते. दुसरी, धर्मादायाचा खर्च कोणीतरी सोसतच असतो. तो देणगीदाराने, संस्थेने वा शासनाने सोसणे न्याय्य आहे. आयेच्या आणि सफाई कामगाराच्या हक्कांतून तो भागविणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. म्हणून नव्या संहितेतील अपवादाचा अर्थ लावताना संस्था काय देते, याबरोबरच तेथील माणूस कशाच्या मोबदल्यात राबतो, हा १९७८ चा निकष पुन्हा विचारात घेतला जाणे आवश्यक आहे.