प्रेवेलीचा किनारा आणि दोन पाणबुड्या

क्रीटला जाणारी बहुतेक मंडळी उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलात पडून राहतात. खरी मजा दक्षिणेला आहे! प्रेवेलीचंच बघा ना. कुर्तालिओतिको घळीतून आलेली नदी इथे समुद्राला मिळते, काठाने खजुराची झाडी. गाडी वर ठेवायची आणि पायऱ्या उतरून खाली जायचं. (परत चढताना गुडघे काय म्हणतात ते विचारू नका.) २०१० च्या वणव्यात ही झाडी होरपळली होती, पण खजूर मोठा चिवट, पुन्हा फुटला.

असो. मला सांगायचंय ते १९४१ चं.

२० मे १९४१ ला जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले आणि दहा-बारा दिवसांत बेट पडलं. ब्रिटिश नौदलाने स्फाकियाहून रात्री-रात्री जमेल तेवढं सैन्य इजिप्तला हलवलं. १ जूनला ते थांबलं, तेव्हा हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे सैनिक मागेच राहिले होते. बरेचसे कैद झाले, काही डोंगरात पांगले. त्यातले कित्येकजण लपतछपत प्रेवेलीच्या मठापर्यंत आले.

मठाधिपती अगाथांगेलोस लागूवार्दोस यांनी त्यांना आसरा दिला, आसपासच्या गावांनी खायला घातलं. वाचायला सोपं वाटतं. पण २ जूनला कोंदोमारीत जर्मनांनी गावकऱ्यांना उभं करून गोळ्या घातल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी कांदानोस गाव जमीनदोस्त केलं होतं. म्हणजे परक्या पोराला भाकरी देताना आपण काय पणाला लावतोय हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आपण सोसायटीत पार्किंगवरून शेजाऱ्याशी बोलणं टाकतो, म्हणून हे जास्तच लागतं.

जुलैच्या शेवटी ब्रिटिश पाणबुडी 'थ्रॅशर' रात्री या किनाऱ्याजवळ आली आणि सत्तरहून जास्त सैनिक घेऊन गेली. ऑगस्टमध्ये 'टॉर्बे' आली, तिने शंभराहून जास्त नेले. पाणबुडी वाळूपर्यंत थोडीच येणार? पोरं अंधारात पाण्यात उतरून तिच्यापर्यंत गेली. मुळात साठेक खलाशांसाठी बांधलेली ती नळी, त्यात एवढी माणसं कोंबून अलेक्झांड्रियापर्यंतचा प्रवास. हवेचं काय झालं असेल!

पुढे जर्मनांनी मठ लुटला, मठाधिपतींना इजिप्तला पळून जावं लागलं. आता मठाजवळच्या रस्त्यावर हातात बंदूक घेतलेला त्यांचा पुतळा आहे, सोबत एक सैनिक. किनाऱ्याकडे निघालेल्या गाड्या बहुधा तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा.