रूळ येण्याआधीचा रेल्वेवाला

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. निजामाच्या काळातच परळीपर्यंत रूळ आले होते, पण जिल्ह्याचं गाव मात्र स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षं एसटीवरच राहिलं. तरीही या गावात जन्मलेला एक माणूस १९९३ सालापासून जवळजवळ वीस वर्षं रेल्वेसाठी राबत होता. त्याचं नाव संजय बांगर. जन्म ११ ऑक्टोबर १९७२, बीड. क्रिकेटचं घडणं मुंबई आणि महाराष्ट्राच्या कुमार संघांत, आणि नाव झालं ते रेल्वेच्या संघात.

मी बीडमध्ये शिक्षकी केली आणि शाळेच्या वेळेबाहेर स्थानिक स्पर्धांचे गुणफलक लिहिले. गुणलेखकाला खेळाडू वेगळे दिसतात. शतक ठोकणारा सगळ्यांनाच दिसतो. पण पहिलं षटक टाकून, दुपारी सातव्या क्रमांकावर येऊन बत्तीस धावा करून, शेवटी स्लिपमध्ये झेल घेणारा पोरगा फक्त वहीत दिसतो, कारण त्याचं नाव तीन ठिकाणी लिहावं लागतं. बांगरांवर लिहायचं मनात होतं ते यासाठी. आणि त्यांच्यावर लिहायचं म्हणजे एका पेशावरच लिहिणं आलं: नोकरीतलं क्रिकेट.

आयपीएलच्या आधी आपल्याकडे क्रिकेटवर पोट भरायचं कसं, याला तीन उत्तरं होती. पहिलं उत्तर संस्थानांचं. सी. के. नायडूंना होळकरांनी इंदूरला नेलं. सांगलीत जन्मलेले विजय हजारे बडोद्याच्या दरबारी गेले. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात याच बडोद्याकडून खेळताना होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. हजारे धावांसाठी लक्षात राहिले, पण मध्यमगती गोलंदाजीही त्यांनी आयुष्यभर केली. दुसरं उत्तर परदेशी लीगचं. विनू मंकड लँकेशायरमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे पगारी खेळाडू होते. १९५२ मध्ये त्यांना तिथून लॉर्ड्स कसोटीसाठी बोलावून घेतलं, आणि त्यांनी ७२ आणि १८४ धावा करून एका डावात पाच बळीही घेतले. कसोटीत पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर फलंदाजी केलेले मोजकेच खेळाडू आहेत, मंकड त्यांतले एक.

तिसरं उत्तर नोकरीचं. संस्थानं खालसा झाली आणि आश्रयदात्याची जागा बँकांनी, गिरण्यांनी, लष्करानं आणि रेल्वेनं घेतली. सेनादलाचा संघ रणजीत आधीच होता. १९५८-५९ मध्ये रेल्वेचा संघही उतरला. कोल्हापुरात जन्मलेले दत्तू फडकर शेवटी याच रेल्वेकडून खेळले. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला कसोटी पदार्पणातच त्यांनी ५१ धावा केल्या आणि १४ धावांत तीन बळी घेतले. पुढच्याच महिन्यात अ‍ॅडलेडला १२३ धावा काढल्या. रेल्वेकडून खेळलेले बुधी कुंदरन यष्टिरक्षक होते आणि सलामीला यायचे. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्यांनी चक्क नवा चेंडूही टाकला. एकाच माणसानं अनेक कामं करायची, ही चाल या संघात पहिल्यापासून दिसते.

त्याचं कारण संघाच्या घडणीत आहे. मुंबईच्या संघामागे मुंबई शहर उभं असतं, कर्नाटकामागे बंगळूर. रेल्वेच्या संघामागे गाव नाही. दिल्लीत नवी दिल्ली स्थानकाजवळचं कर्नेल सिंग स्टेडियम हे त्यांचं घरचं मैदान, पण तिथे टाळ्या वाजवायला गल्लीतली माणसं नसायची. खेळाडू यायचे ते आपल्या राज्याच्या संघात जागा न मिळालेले, किंवा मिळूनही ती टिकेल याची खात्री नसलेले. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागायची. कुणी कारकून, कुणी तिकीट तपासनीस. आधी आपल्या विभागाकडून आंतररेल्वे स्पर्धा खेळायची, तिथे निवड समितीच्या डोळ्यांत भरायचं, मग रणजीचा संघ. सामन्यांसाठी कामावरून मोकळीक, आणि एक तारखेला पगार. गावाकडच्या आईबापांना पोराच्या क्रिकेटमधलं तेवढंच कळायचं आणि तेवढंच पुरायचं.

अशा संघात एकच काम येणाऱ्याची जागा डळमळीत असते. फलंदाजाचे दोन डाव वाया गेले की बाहेर. पण त्यानं दहा षटकं टिच्चून टाकली असतील, तर कप्तान त्याला सोडत नाही. बांगर रेल्वेसाठी सलामीला आले, मधल्या फळीत खेळले, आणि वर्षानुवर्षं मध्यमगती गोलंदाजीचा भारही उचलला. चेंडूला फार वेग नव्हता, टप्पा मात्र हलायचा नाही. फलंदाजीतही तेच: बॅट पॅडजवळ, चेंडू शरीराखाली, आणि घाई नाही. प्रथम श्रेणीत आठ हजारांहून जास्त धावा आणि तीनशे बळी, अशी त्यांची कारकीर्द आहे. या दोन आकड्यांची जोडी भारतीय क्रिकेटमध्ये फार थोड्यांच्या नावावर आहे.

रेल्वेला रणजी करंडक मिळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. १९८७-८८ मध्ये तमिळनाडूकडून अंतिम सामन्यात हार, २०००-०१ मध्ये बडोद्याकडून. लगेच पुढच्या वर्षी, २००१-०२ मध्ये, त्याच बडोद्याला हरवून करंडक आला. त्या संघाची यादी वाचताना मला नेहमी नकाशा उघडावासा वाटतो. येरे गौड रायचूरचे, जयप्रकाश यादव भोपाळचे, कुलमणी परिदा ओडिशाचे, बांगर बीडचे. रायचूर आणि बीड ही दोन्ही गावं १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याचं क्रिकेट हैदराबाद-सिकंदराबादेत चालायचं, मोइनुद्दौला सुवर्णचषकाभोवती. आमच्या जिल्ह्यांच्या वाट्याला कुस्ती आणि हुतुतू. राज्यं बदलल्यावर बीडचं क्रिकेट पुण्याच्या संघटनेखाली आलं, आणि निवड चाचणी म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा एसटीचा प्रवास झाला. केंद्रापासून लांब राहिलेल्या अशा गावांतली माणसं रेल्वेच्या संघात एकत्र आली आणि त्यांनी शहरांचे संघ हरवले. २००४-०५ मध्ये पंजाबला मागे टाकून त्यांनी करंडक पुन्हा जिंकला.

बांगरांचं कसोटी पदार्पण डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला, इंग्लंडविरुद्ध झालं. दुसरी कसोटी २००२ च्या फेब्रुवारीत नागपूरला, झिंबाब्वेविरुद्ध. तिथे सातव्या क्रमांकावर येऊन त्यांनी नाबाद १०० केल्या. त्याच डावात सचिननं १७६ केल्या, म्हणून वर्तमानपत्राचं पहिलं पान कुणाचं झालं हे सांगायला नको. पण बीडमधल्या मैदानांवर त्या आठवड्यात एक बदल मी पाहिला. फलंदाजीत नंबर न लागणारी पोरं चेंडू मागायला लागली, आणि गोलंदाज पॅड बांधून रांगेत उभे राहू लागले.

मग ते लीड्स. २२ ऑगस्ट २००२, हेडिंग्लीची तिसरी कसोटी. भारत लॉर्ड्सला हरला होता, नॉटिंगहॅमला सामना अनिर्णित राखला होता. इंग्लंडमध्ये १९८६ नंतर आपण कसोटी जिंकली नव्हती. आभाळ भरलेलं, खेळपट्टीत ओल, चेंडू दोन्हीकडे हलणार हे उघड. गांगुलीनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, तीही कुंबळे आणि हरभजन असे दोन फिरकी गोलंदाज घेऊन. सलामीला वासिम जाफरऐवजी बांगर. हिशेब साधा होता: सलामीवीर मिळतो आणि हात फिरवणारा एक मध्यमगती गोलंदाजही मिळतो. नागपूरला सातव्या क्रमांकावर खेळलेल्या माणसाला सहा महिन्यांनी जगातल्या सगळ्यांत अवघड सकाळी पहिला चेंडू खेळायला पाठवलं, आणि तो गेला.

आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. सेहवाग ८ धावांवर गेला, धावफलक १५. तिथून बांगर आणि द्रविड यांनी १७० धावांची भागी केली. बांगरांच्या ६८ धावा. हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ सगळे आले. चेंडू बॅटच्या कडेजवळून जात होता, अंगावर लागत होता. बांगर प्रत्येक चेंडूनंतर एक पाऊल मागे जाऊन पुन्हा तिथेच उभे राहत होते. पुढे द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. भारतानं ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी सामना जिंकला. बांगरांनी इंग्लंडच्या दुसऱ्या डावात दोन बळीही घेतले. हा सामना तीन शतकांचा म्हणून सांगितला जातो. पहिल्या सत्रात आणखी दोन गडी पडले असते तर त्या तीन शतकांना पाया राहिला नसता, हे त्या तिघांनाही ठाऊक असणार.

१२ कसोटी, ४७० धावा, ७ बळी. १५ एकदिवसीय सामने. २००३ च्या विश्वचषकाच्या पथकात नाव. भारताकडून खेळणं तेवढ्यावर थांबलं, आणि बांगर पुन्हा रेल्वेच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन आणखी जवळजवळ दहा वर्षं खेळले. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. देशाच्या संघातून खाली आल्यावर कर्नेल सिंगच्या रिकाम्या मैदानात जानेवारीच्या धुक्यात नवा चेंडू घेणं, यासाठी हाडाचा व्यावसायिक लागतो. जानेवारी २०१३ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून पंजाबचा संघ आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला, आणि ऑगस्ट २०१४ पासून २०१९ पर्यंत ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते.

आमचा जिल्हा बाहेर जाऊन राबणाऱ्यांचा आहे. दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात आणि पडेल ते काम करतात. या जिल्ह्यातून पुढे आलेल्या खेळाडूंतही मला तीच धमक दिसते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये गेले. सियाचीनला राहिले, राजस्थानच्या वाळवंटात राहिले. मग लष्कराच्या क्रॉस-कंट्रीतून स्टीपलचेसमध्ये आले. २०२० मध्ये दिल्लीला अर्धमॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम, २०२२ मध्ये पाच हजार मीटरचा, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत स्टीपलचेसचं रौप्य. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणि पाच हजारांत रौप्य, दोन्ही. त्यांच्याही पाठीशी नोकरी होती.

बीडचाच सचिन धस ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी खेळला. भारत ४ बाद ३२ असताना त्यानं ९६ धावा केल्या, उदय सहारनबरोबर १७१ ची भागी केली, आणि संघ अंतिम सामन्यात गेला. अर्ध्या लांबीच्या टर्फवर सराव करून तो तिथवर पोचला. त्याच्या पिढीसमोर लिलावाचा मंच आहे, कोट्यवधींचे आकडे आहेत. ते मिळतात मोजक्यांना, आणि तेही कोवळ्या वयात. नोकरीच्या क्रिकेटनं एका खेळाडूला सातव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर यायला, चुकायला, पडायला आणि पुन्हा उभं राहायला वीस वर्षं दिली. तेवढा वेळ मिळाला म्हणून संजय बांगर अष्टपैलू झाले.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी महाराष्ट्रात ५ टक्के आरक्षण आहे. ती जागा प्रामाणिकपणे खऱ्या खेळाडूला मिळावी, आणि जिल्ह्याच्या मैदानावर पूर्ण बावीस यार्डांची टर्फ खेळपट्टी असावी, एवढीच मागणी मी प्रत्येक क्रीडा बैठकीत मांडत आलो आहे. पुढेही मांडत राहीन.