रविवारची सुटी आणि बाहेरची पंगत

शनिवारीं सायंकाळीं एखाद्या आप्ताच्या घरीं जाऊन यावें, रविवारीं मुलांबाळांसह बागेंत किंवा समुद्रकांठीं हिंडावें, आणि परततांना एखाद्या उपाहारगृहांत सर्वांनीं मिळून फराळ करावा, हा क्रम आमच्या शहरी कुटुंबांच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं तो पूर्वापार चालत आला असावा असा भास होतो. वस्तुतः हें सुख फार अलीकडचें आहे. तें घडून येण्यास सर्वांना एकाच वेळीं मोकळा मिळणारा दिवस हवा होता, परवडेल असें वाहन हवें होतें, आणि जेथें नवरा, बायको, मुलें व परका शेजारी एकाच वेळीं खावयास बसूं शकतील असें मेज हवें होतें. वाहन पैशानें आलें. दिवस पुष्कळांना मागून घ्यावा लागला. आणि मेजाचा झगडा सर्वांत लांबला.

आमच्या पूर्वजांना सुटी ठाऊक नव्हती असें नाहीं; परंतु ती तिथीस बांधलेली होती, वारास नव्हे. वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी यांसारख्या तिथींना अनध्याय असे. पुष्कळ गांवीं अमावास्येस शेतकरी औत धरीत नसे. वाराला महत्त्व होतें तें बाजाराचें आणि देवाचें. भेटीगाठी होत त्या सणावारीं: नागपंचमीस लेक माहेरीं येई, दिवाळींत जांवई येई, आणि जत्रेंत पांच गांवचे सोयरे एकत्र जमत. सहकुटुंब बाहेर जाऊन जेवण्याचा आमचा जुना प्रकार म्हणजे कार्तिकांतील आवळीभोजन. आवळ्याच्या झाडाखालीं पूजा करून तेथेंच पानें मांडावयाचीं, हा बेत मुलांच्या दृष्टीनें कोणत्याही हॉटेलापेक्षां कमी आनंदाचा नसे. मात्र स्वयंपाकघर बरोबर जाई. भांडीं, शिधा, सोंवळें आणि पंक्तीचा क्रम हीं सर्व घरचींच. पुरुषांचें आटोपल्यावर बायका बसत. उंबरठा ओलांडला तरी घराची शिस्त सुटत नसे.

सर्वांच्या सुटीचा रविवार आला तो इंग्रज राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर. त्यांच्या कचेऱ्या व शाळा त्या दिवशीं बंद असत, म्हणून तेथील कारकून आणि मास्तर यांनाही तो मोकळा मिळाला. आमच्या पांढरपेशा वर्गाला रविवार असा पगाराबरोबर आयता हातीं आला. गिरणींत राबणाऱ्याची गोष्ट निराळी होती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साचा चाले, आणि आठवड्याच्या विश्रांतीचा ठराविक दिवस त्याला नव्हता. ही उणीव ज्यांनीं हातीं घेतली ते नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. स्वतः गिरणींत नोकरी केलेले असल्यानें तेथील हाल त्यांस ऐकून ठाऊक नव्हते, पाहून ठाऊक होते. १८८४ च्या सप्टेंबरांत परळ येथें सभा भरवून त्यांनीं सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचें मागणीपत्र तयार केलें. त्यांत दर रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति आणि वेळेवर पगार अशा मागण्या होत्या. आज त्या वाचतांना आश्चर्य वाटतें तें त्यांच्या माफकपणाचें. तरी सहा वर्षें गेलीं. १८९० च्या एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन स्त्रियांनींही भाषणें केलीं, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें. अखेर १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. राज्यकर्त्यांचा दिवस मराठी कामगारांना परका न वाटण्यास ही गोष्ट साहाय्यभूत झाली असावी.

दिवस मिळाला, पण तो घालवावयाचा कोणाबरोबर? गिरणगांवांतील पुष्कळ कामगार रत्नागिरी आणि सातारा या भागांतून एकटे आलेले, बायकामुलें गांवीं. त्यांचा रविवार चाळींतल्या खोलींत आणि खानावळींत जाई. ज्या स्त्रिया स्वतः गिरणींत जात, त्यांचा रविवार धुणें, दळण व पाणी यांतच संपे. या सुटीचें जें कौटुंबिक रूप आज आपण पाहतों, तें ती झगडून मिळविणाऱ्यांच्या वांट्यास फार थोडें आलें.

वाहनांविषयीं विस्तार नको. मुंबईंत १८७४ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ सालीं विजेची आली, आणि तिची घंटा १९६४ पर्यंत ऐकूं येत होती. राणीचा बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासून लोकांस खुला झाला. ट्रामच्या स्वस्त भाड्यानें चाळींतल्या कुटुंबालाही अशा ठिकाणांची सहल शक्य केली. मात्र प्रत्येक गाडी प्रत्येकासाठीं नव्हती. १९३० सालीं सुरू झालेल्या ‘दख्खनच्या राणी’स आरंभीं पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते, तिसऱ्या वर्गाचा उतारू तींत बसूं लागला तो १९५५ सालीं.

आतां मेजाकडे वळूं. खरा इतिहास तेथेंच आहे. ज्या १८९० सालीं मुंबईच्या कामगारांनीं रविवार मिळविला, त्याच सालच्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येतील अशी व्यवस्था केली आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. चौकशीसाठीं मंडळ नेमलें गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; बहिष्कारानें आपल्या स्नेह्यांचे हाल होतात हें पाहून रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. एका पेलाभर चहावर शहाण्यासुरत्यांचें शहर दीड-दोन वर्षें खल करीत बसलें, याचें आज हंसूं येतें. परंतु ज्याच्या घरीं श्राद्धाला ब्राह्मण मिळेना आणि ज्याच्या मुलीचें लग्न जुळेना, त्याला हंसूं येण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. त्याहीपूर्वीं, १८४९ च्या सुमारास मुंबईंत निघालेल्या परमहंस मंडळीचे सभासद जातिभेद न मानतां एकत्र खात, तें दार लावून; गुपित फुटल्यावर मंडळीच विसकटली.

म्हणूनच पहिलीं मराठी उपाहारगृहें निघालीं तीं पाटीवर ‘ब्राह्मणांचें’ असें लिहून. बाहेर खावयाचें, पण बाटावयाचें नाहीं, अशी ती तडजोड होती. इराण्याच्या दुकानाची रीत निराळी. १९०४ सालापासूनचें कयानीचें दुकान आजही मुंबईंत आहे; तशा दुकानांतील संगमरवरी मेजावर कोण शेजारीं बसला आहे याची पंचाईत सहसा कोणी करीत नसे. पुष्कळ इराण्यांकडे आडोशाची एक ‘फॅमिली रूम’ही असे. त्या लहानशा खोलीचें महत्त्व आमच्या मतें मोठें आहे. घरीं जी गृहिणी सर्वांचें झाल्यावर, बहुधा नवऱ्याच्याच पानावर, उरलेलें जेवावयास बसे, तिच्यापुढें येथें नवऱ्याबरोबरच भरलेली बशी येई, आणि तीही दुसऱ्याच्या हातची. तिनें पदार्थ केला नव्हता, वाढला नव्हता, आणि उष्टें काढावयाचें नव्हतें. स्त्रीशिक्षणाच्या व्याख्यानांनीं जें पुष्कळ घरांत साधलें नाहीं, तें मस्कापावानें अर्धा तास तरी साधलें. सासूबाईंना मात्र हें कानावर येऊं देत नसत, ही गोष्ट अलाहिदा.

तरी या मेजाशीं सर्वांस जागा नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाला हॉटेलांत वेगळी कपबशी असे, तीही त्यानेंच विसळून ठेवावयाची. कित्येक ठिकाणीं आंत पाऊलही टाकतां येत नसे. १९२७ सालीं महाड येथें डॉ. आंबेडकरांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथें चहाची गोष्ट दूरच. १९३३ सालीं रत्नागिरीस सावरकरांनीं सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उपाहारगृह काढलें, तें नवल म्हणूनच गाजलें. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या संविधानानें पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख केला. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यांत चहाच्या दुकानाचें काय काम, असें परक्यास वाटेल; ज्यांनीं ती वेगळी कपबशी पाहिली होती त्यांना तसें वाटलें नसावें. कलम लिहून कपबशा लगेच एक झाल्या नाहींत; १९५५ सालीं अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांस शिक्षा सांगणारा कायदा निराळा करावा लागला, आणि त्यानंतरही खेडोपाडीं त्या फळीवर राहिल्याच.

रविवारला शनिवारची जोड मिळाली ती आणखी उशिरां. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचा आठवडा १९८५ सालीं पांच दिवसांचा झाला, महाराष्ट्र सरकारचा २०२० च्या फेब्रुवारींत. ही सुटी पुन्हां कचेरीवाल्यांनाच प्रथम लाभली. ज्यांच्या हातचें आपण या दोन दिवसांत खातों त्यांचा हिशेब वेगळा आहे. गिरणगांवांत डबे शिजविणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. १८९० पासून रविवार गिरणीला होता, चुलीला नव्हता. उपाहारगृहांतील नोकरांना आठवड्यांतून एक दिवस सुटी असावी असा कायदा १९४२ सालीं झाला खरा. पण सुटी म्हणजे रविवार असें त्यांत कोठें आहे? ज्या दिवशीं आपण सहकुटुंब जातों, त्या दिवशीं त्यांना सर्वांत अधिक काम. आपल्यापुढें पाण्याचे पेले आणून ठेवणाऱ्या माणसाची सुटी बहुधा सोमवारीं किंवा मंगळवारीं असते, आणि त्या दिवशीं त्याचीं मुलें शाळेंत गेलेलीं असतात.