‘त्याची पत्नी’ : एका कलमाची गोष्ट

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्यात एक कलम होतं. देशवार कोटे ठरवून दार जवळजवळ लावून घेतलेलं असताना या कलमाने प्राध्यापकांसाठी ते किलकिलं ठेवलं होतं. अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं अध्यापन केलेलं असावं आणि अध्यापनासाठीच येणं असावं, या अटी. सोबत ‘त्याची पत्नी’ आणि १८ वर्षांखालची अविवाहित मुलं आणता येत. प्राध्यापक बाई असली आणि तिला नवरा असला तर काय, हा प्रश्न कलम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलेलाच दिसत नाही. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या विदुषींविषयी वाचताना मी या दोन शब्दांपाशी नेहमी अडखळतो.

अध्यापनाची अट वरवर निरुपद्रवी वाटते. पण प्रशियात स्त्रियांना विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्याच्या पात्रतेचं दार १९२० साली उघडलं. त्यामुळे पुष्कळजणी डॉक्टरेट मिळवूनही साहाय्यक किंवा प्रयोगशाळेतल्या संशोधक राहिल्या होत्या. अमेरिकन कायद्याच्या लेखी त्या प्राध्यापक नव्हत्याच.

हिल्डा गाइरिंगर या अटीत बसत होत्या, म्हणून त्यांचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. जन्म व्हिएन्नातला, १८९३ चा, ज्यू कुटुंबातला. १९१७ साली व्हिएन्ना विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट. १९२१ पासून बर्लिनला रिचर्ड फॉन मिझेस यांच्या उपयोजित गणिताच्या संस्थेत साहाय्यक. फेलिक्स पोलाचेक या गणितज्ञाशी झालेलं लग्न टिकलं नाही. मुलीला त्यांनी एकटीनेच वाढवलं. बरीच खळखळ होऊन १९२७ साली व्याख्यानाचा अधिकार मिळाला. दाबाखाली धातू कसा सरकतो याची त्यांनी १९३० साली मांडलेली समीकरणं आजही त्यांच्या नावाने ओळखली जातात. (त्याच साली त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट इरावती कर्वे यांनी घेतली. इरावतीबाईंना परतायला पुणं होतं.)

१९३३ साली त्यांना प्राध्यापकपद द्यावं असा प्रस्ताव झाला होता. एप्रिलमध्ये नाझींचा नोकरशाहीविषयक कायदा आला आणि प्रस्ताव राहिला बाजूला, होती ती जागाही गेली. ब्रुसेल्समध्ये थोडा काळ काढून त्या इस्तंबूलला पोचल्या. ज्यू वंशाचे असल्याने मिझेसही तिथे आले होते. हिल्डाबाई तिथे प्राध्यापक झाल्या, आधी फ्रेंचमधून आणि मग शिकून घेतलेल्या तुर्कीमधून शिकवू लागल्या. १९३८ च्या नोव्हेंबरात अतातुर्क गेले आणि परकीय प्राध्यापकांच्या पायाखालची जमीन हलली. मिझेस १९३९ साली हार्वर्डला गेले. हिल्डाबाई मुलीला घेऊन लिस्बनमध्ये व्हिसाची वाट पाहत राहिल्या. मुलगी १७ वर्षांची होती; कायद्याची मर्यादा १८ ची. अखेर पेनसिल्व्हेनियातल्या ब्रिन मॉर या स्त्रियांच्या कॉलेजात व्याख्यातापद मिळालं आणि त्या आत आल्या. एमी नोएथरनाही १९३३ साली याच कॉलेजने आसरा दिला होता.

आता दोघांचे मार्ग ताडून पाहा. बर्लिन, इस्तंबूल, अमेरिका, तिन्ही मुक्काम तेच. हार्वर्डनेही मिझेसना सुरुवातीला व्याख्याताच नेमलं, पण काही वर्षांत ते प्राध्यापक झाले. इस्तंबूलच्या प्राध्यापक हिल्डाबाई मात्र ब्रिन मॉरला पाच वर्षं व्याख्याताच राहिल्या. १९४३ साली दोघांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी त्या मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्टन गावच्या व्हीटन कॉलेजात गणिताच्या विभागप्रमुख झाल्या. नावाला विभागप्रमुख, विभागात माणसं दोन. पदवीच्या मुलींना प्राथमिक गणित शिकवायचं आणि आठवड्याअखेरीस नवऱ्याकडे केंब्रिजला जायचं. संशोधन करणारे विद्यार्थी नाहीत. तरी १९४४ सालीच मेंडेलच्या आनुवंशिकतेतल्या संभाव्यतेवर त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्या बॉस्टनच्या आसपास अर्ज करत राहिल्या. एका विद्यापीठाच्या उत्तराचा आशय असा : अध्यक्षांना बाई पसंत पडणार नाही; आमच्याकडे काही बायका आहेत, म्हणजे हा नुसता पूर्वग्रह नव्हे, पण काही अंशी तोही आहेच, कारण पुरुष मिळत असताना आणखी बायका घ्यायच्या नाहीत. या माणसाचा प्रामाणिकपणा मला एकाच वेळी आवडतो आणि संताप आणतो. इतरांनी इतकं सरळ लिहिलं असतं तर इतिहासकारांचं काम सोपं झालं असतं. जर्मनीने हिल्डाबाईंना ज्यू म्हणून घालवलं, हे सगळे सांगतात. आसरा देणाऱ्या देशाने त्यांना बाई म्हणून दाराशीच बसवून ठेवलं, हे कृतज्ञतेच्या भाषेत झाकलं जातं. आणि कृतज्ञता खोटी नव्हती, हीच अडचण आहे. ब्रिन मॉरने जीव वाचवला होता.

१९५३ साली मिझेस गेले. त्यानंतर हार्वर्डने हिल्डाबाईंना संशोधक म्हणून जागा दिली, ती पतीचं अपुरं काम पूर्ण करण्यासाठी. व्हीटनमधली नोकरी सुरूच होती. तिथून त्या १९५९ साली निवृत्त झाल्या. १९५६ साली पश्चिम बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीने त्यांना पूर्ण वेतनासह मानद निवृत्त प्राध्यापक केलं, म्हणजे प्राध्यापकपदाचा तो प्रस्ताव अडल्यानंतर २३ वर्षांनी. १९६४ साली संभाव्यता आणि संख्याशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर लेखक म्हणून रिचर्ड फॉन मिझेस यांचं नाव आहे. संपादन आणि पूर्ती : हिल्डा गाइरिंगर.