बर्लिनमध्ये दोन दिवस : स्वतःची लाज झाकून न ठेवणारं शहर

आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड ठरलेलं असतं. बर्लिन बहुतेक वेळा गळतं. दुसऱ्या महायुद्धात शहर बेचिराख झालं, मग तिथे बघायचं काय, असं लोकांना वाटतं. पण एक शनिवार-रविवार हाताशी असेल तर बर्लिन चुकवू नका. आपल्या पूर्वजांनी काय पाप केलं, हे भर चौकात मांडून ठेवणारं असं दुसरं शहर सापडणं कठीण आहे.

शनिवारची सुरुवात ब्रांडेनबुर्ग गेटपासून करा. १७९१ साली पूर्ण झालेली ही कमान. इथून पाच मिनिटांवर जर्मन संसद, म्हणजे राइशटाग. वरच्या काचेच्या घुमटात फुकट जाता येतं, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. १९४५ मध्ये बर्लिन जिंकणाऱ्या सोव्हिएत सैनिकांनी आतल्या भिंतींवर आपली नावं खरडली होती. नूतनीकरणाच्या वेळी त्यातली बरीचशी मुद्दाम तशीच ठेवली. पराभवाची खूण, तीही संसदेच्या भिंतीवर!

गेटच्या दुसऱ्या बाजूला ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक आहे. करड्या काँक्रीटचे २,७११ ठोकळे. आत शिरलं की जमीन खाली जाते, ठोकळे डोक्यावर जातात आणि शहराचा आवाज दबतो. एवढी मोक्याची जागा, तीही राजधानीत, या कामासाठी दिली गेली. पण हे सहज झालं नाही. मागणी १९८० च्या दशकाच्या अखेरीस नागरिकांनी लावून धरली, संसदेचा निर्णय १९९९ मध्ये झाला आणि स्मारक खुलं झालं २००५ मध्ये. तिथून जवळच हिटलरचा बंकर होता. त्या जागी आज गाड्यांचं पार्किंग आहे आणि माहितीची एक साधी पाटी. मेलेल्यांना स्मारक, मारणाऱ्याला पार्किंग.

मग उंटर डेन लिंडन रस्त्याने चालत बेबेलप्लाट्झला या. १० मे १९३३ रोजी इथे सुमारे २०,००० पुस्तकं जाळली गेली. पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता, आणि समोरच विद्यापीठ आहे. आज चौकाच्या फरशीत एक काच बसवली आहे. खाली वाकून बघितलं की पांढरी रिकामी कपाटं दिसतात. २०,००० पुस्तकं मावतील एवढी. बाकी काही नाही.

रविवारी सकाळी बेर्नाउअर रस्ता. इथे बर्लिन भिंतीचा मूळ तुकडा, मधला मोकळा पट्टा आणि टेहळणी मनोरा बघायला मिळतो. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली, ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. मधल्या काळात या भिंतीपायी किमान १४० जण मेले. त्यांचे फोटो इथे लावलेत.

दुपारी मात्र टूरवाले नेत नाहीत तिथे जा. यू-३ मेट्रोने डालेम. इने रस्ता, २२ नंबरची इमारत. आपल्यासाठी ही जागा खास आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत पुण्याहून आलेली एक तरुणी संशोधन करत होती. इरावती कर्वे. होय, 'युगान्त'वाल्याच.

त्यांचे मार्गदर्शक होते ऑइगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत मांडणारं हे त्या काळचं मोठं नाव. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच वेगळी आणि तिचा संबंध त्याच्या वरचढ बुद्धीशी, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध. वय पंचविशीच्या आसपास!

पुढे याच संस्थेने नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला 'शास्त्रीय' आधार पुरवला. ऑशविट्झ छळछावणीतून डॉक्टर मेंगेले इथे मानवी अवयव पाठवत असे. आज इमारतीत फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. दारावर हे सगळं सांगणारी पाटी लागायला मात्र १९८८ साल उजाडलं. २०१४ पासून आसपासच्या खोदकामांत माणसांची हाडं सापडत गेली. पीडित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरलं की त्यांच्या आणखी तपासण्या करायच्या नाहीत. मेल्यावर पुन्हा त्यांची वंशावार वर्गवारी नको. २०२३ मध्ये ती सन्मानाने पुरली.

जर्मन माणसं आपल्यापेक्षा थोर आहेत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. युद्धानंतर कित्येक वर्षं तिथेही "झालं गेलं विसरा" हाच सूर होता. आफ्रिकेतल्या हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार मान्य करायला त्यांच्या सरकारला २०२१ उजाडावं लागलं. पण तिथल्या नागरिकांनी, विद्यार्थ्यांनी, पत्रकारांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. प्रश्न विचारणाऱ्यांना देशद्रोही म्हणणारे तिथेही होतेच. तरी पाट्या लागल्या, आणि देश काही बुडाला नाही.

आपल्याला पराक्रमाची स्मारकं उभारता येतात, आणि ती हवीतच. पण आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांवर केलेल्या अन्यायाची पाटी तुमच्या गावात कुठे आहे का? असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. नसेल, तर ती कुठे लागायला हवी, तेही लिहा.